कोड कारखान्याच्या गेटवरच लिहिला होता

प्रश्न असा आहे: फोन फ्रीकिंग म्हणजे नेमकं काय होतं? टोल-फ्री नंबर आणि कॉल फॉरवर्डिंग धुंडाळून लोक खरंच फुकट फोन करायचे का? आणि ही माणसं हुशार म्हणायची की चोर?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठेही मिळतील. मी लिहायला बसलोय ते तिसऱ्यासाठी. "हुशार की चोर" हे मला समोर बसवून विचारलं गेलंय. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका केबिनमध्ये, नोव्हेंबर २००१ मध्ये. तेव्हा माझं उत्तर कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं, आता तुम्ही ऐका.

आधी मूळ भानगड थोडक्यात. फोनची यंत्रणा कशी चालते ते हुडकून तिला चकवणं म्हणजे फ्रीकिंग, आणि ते करणारा तो फ्रीकर. अमेरिकेत तेव्हा फोन म्हणजे बेल कंपनीचं राज्य. दोन शहरांमधल्या लाइनीवर माणसं बोलायची आणि त्याच लाइनीवरून एक्स्चेंजसुद्धा एकमेकांना हुकूम द्यायची, तेही सुरांतून. लाइन मोकळी असली की तिच्यावर २६०० हर्ट्झचा सूर चालू असायचा. म्हणजे तोच सूर तुम्ही तोंडाने काढलात तर एक्स्चेंजला वाटणार, बोलणं संपलं, लाइन मोकळी झाली. जो एन्ग्रेशिया नावाच्या जन्मांध मुलाला हे लहानपणीच, सात-आठ वर्षांचा असताना, शीळ घालता घालता सापडलं. जॉन ड्रेपरला न्याहारीच्या खोक्यात फुकट मिळणारी शिट्टी याच सुराची निघाली. बाकीचे सूर कुणी चोरून आणले नव्हते. बेलच्या इंजिनिअरांनी स्वतःच्या तांत्रिक नियतकालिकात १९५४ आणि १९६० साली लेख लिहून सगळं छापलं होतं. कॉलेजच्या लायब्ररीत जा आणि वाचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या बाबतीत तेच झालं.

टोल-फ्रीचा संबंध असा. ८०० चे नंबर तिकडे १९६७ पासून. त्यावर फोन लावणाऱ्याला बिल नाही. फ्रीकर आधी असा एखादा नंबर लावायचा आणि पलीकडून कुणी उचलायच्या आत २६०० चा सूर सोडायचा. लांबच्या एक्स्चेंजला वाटायचं गडी फोन ठेवून गेला. बिल मोजणाऱ्या जवळच्या एक्स्चेंजला मात्र वाटायचं, हा अजून त्या फुकटच्या नंबरावरच आहे. मग 'ब्लू बॉक्स' नावाच्या डबीतून पुढचे सूर वाजवून जगात कुठेही बोला, बिल शून्य. १९७१ च्या ऑक्टोबरात 'एस्क्वायर' मासिकात यावर लेख आला, तो वाचून वॉझ्निअकने अशी डबी बनवली आणि जॉब्ससोबत कॉलेजातल्या पोरांना विकली. ड्रेपर तुरुंगात जाऊन आला, या दोघांनी अ‍ॅपल कंपनी काढली. असो.

फॉरवर्डिंगचा प्रकार वेगळा, आणि माझ्या मते जास्त मजेदार. दवाखाना संध्याकाळी बंद झाला की आलेला फोन डॉक्टरच्या घरी जावा म्हणून तिकडे 'डायव्हर्टर' नावाचा डबा बसवायचे. एका लाइनीवर फोन यायचा, डबा दुसऱ्या लाइनीवरून घरचा नंबर फिरवायचा आणि दोन्ही जोडून द्यायचा. डॉक्टरने झोपेत फोन ठेवला तरी फ्रीकर ठेवायचा नाही. थोडा वेळ गप्प थांबला की त्याच्या कानात दवाखान्याच्या त्या दुसऱ्या लाइनीचा डायल टोन यायचा. आता फिरवा हवा तो नंबर, बिल डॉक्टरला.

याच जातीच्या डब्याने माझं वाटोळं केलं.

त्याआधी एक कबुली. शाळेत असताना आमच्या मामांच्या दुकानात काळा, डायल फिरवायचा फोन होता आणि डायलच्या भोकात बारीक पितळी कुलूप. मला कुणीतरी सांगितलं की डायल फिरवली की आतून लाइन तितक्यांदा तुटते नि जुळते, बाकी काही होत नाही. एकासाठी एकदा, शून्यासाठी दहा वेळा. मग रिसीव्हर ठेवतो तिथलं बटण त्याच लयीत टपटपवलं तर? सेकंदाला साधारण दहा टपके, दोन आकड्यांमध्ये श्वास घेण्याइतकी विश्रांती. जास्त वेळ दाबलंत की फोन कट. मी कुलूप न उघडता १७४ लावला, वेळ सांगणारी बाई बोलली, मी फोन ठेवला. बस. मला बोलायचं कुणाशीच नव्हतं. माझ्या ओळखीत एसटीडी लावण्यासारखं होतंच कोण? मामांनी पाहिलं, कानाखाली दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच शिकून घेतलं, कारण कुलपाची किल्ली मामी माहेरी जाताना घेऊन गेली होती.

आता सातपूर.

मी एका छोट्या फर्ममध्ये ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, बसवायला आणि सांभाळायला होतो. पगार साडेचार हजार, स्कूटरच्या डिकीत तारा बसवायचं क्रोन टूल, जंपर वायरचं भेंडोळं आणि टेस्ट फोन. तो कारखाना आमचा एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा गिऱ्हाईक. आठ बाहेरच्या लाइनी, चौसष्ट एक्स्टेन्शन, बोर्डावर एक मॅडम. डीलरांसाठी त्यांनी १६०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर घेतला होता (हे नंबर पुढे १८०० झाले) आणि संध्याकाळी सहानंतर तो आपोआप मशीनवर पडायचा: आपले स्वागत आहे, एक्स्टेन्शन नंबर दाबा.

मार्केटिंगच्या साहेबांना एक सोय हवी होती. घरून, म्हणजे गंगापूर रोडवरून, कारखान्याचा नंबर लावायचा, कोड दाबायचा आणि कारखान्याच्या लाइनीवरून पुढे एसटीडी, आयएसडी करायचं. याला डीसा म्हणतात. मशीनमध्ये सोय असते, आपण चालू करायची. मी म्हटलं, "सर, कोड सहा आकडी ठेवू आणि दर महिन्याला बदलू."

"मला गाडी चालवताना आठवला पाहिजे रे."

"मग निदान आयएसडी बंद ठेवू त्याच्यावरून."

"आणि दुबईच्या पार्टीशी काय पोस्टकार्डावर बोलू?"

कोड त्यांनीच सांगितला. १९७८. कारखान्याच्या कमानीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: स्थापना १९७८.

मी कोड टाकला. पण सर्व्हिस रिपोर्टवर खाली 'शेरा' अशी जागा असते, जिथे सगळे जण 'काम समाधानकारक' लिहितात, तिथे मी लिहिलं: डीसा व आयएसडी एकत्र चालू ठेवणे धोक्याचे, कोड ओळखण्याजोगा, बदलावा. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी आमच्या ऑफिसला, पिवळी माझ्याकडे. तारीख २२ ऑगस्ट.

लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं, बुधवारी. दुपारी कारखाना बंद झाला तो थेट सोमवारी उघडला. सोमवारी सकाळी सव्वानऊला मॅडमचा फोन, तोही समोरच्या टपरीवरून: "बाहेरची लाइनच मिळत नाहीये." मी गेलो. मशीनवर बाहेरच्या लाइनींचे आठ दिवे असतात. आठपैकी सहा लाल, आणि आतलं एकही एक्स्टेन्शन उचललेलं नव्हतं. दोन-दोन लाइनी एकमेकींना जोडलेल्या. एकीवरून कुणीतरी आत आलेलं, दुसरीवरून बाहेर गेलेलं, कारखान्यात माणूस नाही.

टेस्ट फोन लावला. एक बाई परदेशातल्या कुणालातरी घराच्या स्लॅबचं सांगत होती. स्लॅब पडला, पाणी मारायला माणूस मिळत नाही, मीच मारते सकाळ-संध्याकाळ, तू पैसे पाठवायची घाई करू नकोस. माझा हात जंपरवर होता. मी दहा सेकंद थांबलो, तिचं वाक्य पुरं होऊ दिलं, मग ओढला. बाकीच्या दोन जोड्या न ऐकता तोडल्या.

हे दहा सेकंद मी नंतर साहेबांना सांगितले. कशाला सांगितले देव जाणे. इतकं सगळं होऊनही ती बाई मला चोर वाटली नव्हती, एवढंच सांगायचं होतं. ती बिचारी कुठल्यातरी बूथवर निम्म्या दराने आयएसडी मिळतं म्हणून पैसे मोजून बोलत होती. बूथवाला आमचा टोल-फ्री लावत होता, कोड दाबत होता आणि आमच्याच दुसऱ्या लाइनीवरून तिला आखातात जोडून देत होता. येण्याचे पैसे कारखाना भरणार, जाण्याचेही कारखाना भरणार. ड्रेपरनेसुद्धा इतकी मजा केली नसेल.

आता पुरावा. मशीनला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला असायचा, प्रत्येक कॉलची एक ओळ छापायचा. जमिनीवर कागदाची घडीवर घडी पडलेली. बुधवारी रात्री १०:४० ला पहिली नोंद. त्या टोल-फ्री लाइनीवर चार-पाच सेकंदांचे कॉल, एकामागून एक, सतरा. अठरावा कॉल सहा मिनिटांचा. म्हणजे चार आकडी कोडाच्या दहा हजार शक्यतांतून त्या माणसाला अठराव्या फटक्यात सापडला. एक तर तो सालं टाकून बघत होता, नाहीतर तो कधीतरी त्या गेटसमोरून गेला होता. शुक्रवारी पहाटे कागद संपला. कागद संपला की हा प्रिंटर टुं टुं करत बसतो. वॉचमन काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि प्रिंटरच बंद केला. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊबीजेचं जरा पडावं म्हटलं, तर हे एकसारखं कोकलत होतं." तीन दिवस फटाक्यांत झोपलेला माणूस!

पुढचे तीन दिवस मशीनने काय काय केलं ते फक्त बिलात दिसलं. तीन लाखांच्या वर. तेव्हा देशाबाहेरचा प्रत्येक फोन विदेश संचार निगमकडूनच जायचा, मार्च २००२ पर्यंत ती मक्तेदारी होती, आणि दर असे की घरी आयएसडी लावताना माणूस घड्याळ समोर ठेवायचा.

केबिनमध्ये साहेब, कारखान्याचे अकाउंटंट, आमच्या फर्मचे शेठ आणि मी. साहेबांनी एकच मुद्दा धरला: "कोड आम्हा दोघांनाच माहीत होता, आणि मी तर माझ्याच कंपनीला लुटणार नाही." मी म्हटलं, सर, कोड गेटवर लिहिलाय. ते म्हणाले, "हे असं कसं करतात ते तुला इतकं नीट कसं माहीत?" मी भाबडा. मी त्यांना अमेरिकेतल्या डायव्हर्टरचं सांगायला लागलो, शिट्टीचं सांगितलं, मामांच्या फोनचंसुद्धा. जितकं समजावून सांगत गेलो तितके त्यांचे चेहरे घट्ट होत गेले. शेवटी साहेब शेठना म्हणाले, "बघा. हुशार आहे पोरगा. चोरी करायला हुशारीच लागते."

पोलीस ठाण्यातही नेलं. हवालदारांनी दोन तास बसवून ठेवलं, जबाब लिहून घेतला आणि जाता जाता हळूच विचारलं, "घरच्या फोनवरून जमतं का हे?" गुन्हा दाखल झाला नाही, कारण काय लावायचं ते कुणालाच कळेना. खरं तर आयटी कायदा वर्षभरापूर्वीच लागू झाला होता आणि त्याच्या ४३ व्या कलमात हेच लिहिलंय: एकाने वापरलेल्या सेवेचे पैसे कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं. पण त्या ठाण्यात तो कायदा अजून पोचला नव्हता.

शेठनी दर महिन्याला माझ्या पगारातून आठशे कापायला सुरुवात केली. गुलाबी प्रत ऑफिसात मिळेना. कारखान्याच्या फाइलमधली पांढरी प्रतही 'सापडत नाही'. पिवळी मला संक्रांतीच्या सुमारास मिळाली, डिकीत, जंपर वायरच्या भेंडोळ्याखाली, घडी पडलेली. मी धावत सातपूरला. साहेबांनी वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली. म्हणाले, "शेरा तू नंतर लिहिला असशील." कार्बन होता हो! शेरा आणि सही एकाच निळ्या कार्बनचे, एकाच दाबाचे. मी म्हटलं, उजेडात धरून बघा. त्यांनी घड्याळात बघितलं.

मार्चात मी नोकरी सोडली. कापलेले पैसे मिळाले नाहीत.

तर तुमचा तिसरा प्रश्न. माझं मत सरळ आहे: ज्याला दार कसं उघडतं हे माहीत असतं त्याला चोर म्हणणं ही दार उघडं ठेवणाऱ्याची सोय असते. बेलने काय वेगळं केलं? हुकूम आणि बोलणं एकाच तारेत घातलं, सूर स्वतः छापले, आणि मग आंधळ्या पोराच्या मागे लागले. एन्ग्रेशिया १९६८ साली पकडला गेला तेव्हा तो फ्लोरिडात कॉलेजात होता, शीळ घालून मित्रांना फोन लावून देत होता. नंतर तो स्वतःला 'जॉयबबल्स' म्हणवून घ्यायचा, २००७ साली वारला, आणि आयुष्यभर त्याचं प्रेम फोनच्या आवाजांवर होतं. अशी माणसं मला कळतात. १९७६ पासून अमेरिकेने एक्स्चेंजचे हुकूम वेगळ्या वाटेने पाठवायला सुरुवात केली, हळूहळू सगळीकडे तेच झालं आणि शीळ घालणाऱ्यांचा खेळ आपोआप संपला. म्हणजे उपाय होता, फक्त पैसे खर्च करायचे होते. माझा उपाय तर फुकट होता, सहा आकडे.

हां, आता हेही लिहितो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये मलाच धराल. फ्रीकरांत चोर होतेच. चोरलेले कॉलिंग कार्ड नंबर विकणारे, लोकांच्या व्हॉइसमेलमध्ये घुसणारे. आमचा बूथवाला तर शंभर टक्के चोर, त्याला कुतूहल वगैरे काही नव्हतं. आणि टोल-फ्री नंबर लावून पलीकडे काय आवाज येतो ते ऐकणं हा गुन्हा नाही, पण पुढे कोड मागितल्यावर आकडे टाकून बघायला लागलात की आहे. तिथे फोन ठेवायचा. मी मामांच्या फोनवर वेळ ऐकून ठेवला तसा.

आज फुकट फोन कुणाला नको आहेत, ते सगळ्यांकडे आहेत. आता उलटा खेळ चालतो: तुमचेच फोन तिसऱ्याकडे वळवायचे. कुरिअरवाला किंवा फोन कंपनीवाला म्हणून कुणीतरी बोलतो, *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगतो. केलंत की तुमचे कॉल त्याच्याकडे, ओटीपीचेसुद्धा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून फॉरवर्डिंग चालू करायची ही सोय थांबवायला सांगितली, तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर *#२१# दाबून एकदा बघा. काही वळवलेलं दिसलं तर ##००२# ने सगळं रद्द होतं.

आणि ऑफिसात अजूनही ईपीएबीएक्स किंवा त्याचा आयपीवाला नवा भाऊ असेल तर चार गोष्टी करा. बाहेरून बाहेर कॉल जोडणं बंद. आयएसडी फक्त ज्याला लागतं त्यालाच. मशीनचा फॅक्टरी पासवर्ड बदला, तो नेटवर सगळ्यांना माहीत असतो. कोड म्हणून स्थापनेचं साल, साहेबांच्या गाडीचा नंबर, १२३४ यातलं काही नको. साहेब ओरडले तर ओरडू द्या. टेक्निशियन मंडळींनी शेरा लिहायचा, साहेबांकडून तारखेसह सही घ्यायची आणि पिवळी प्रत डिकीत नाही, घरी कपाटात ठेवायची.

२०१४ मध्ये एका लग्नात ते साहेब भेटले. निवृत्त झाले होते. मला ओळखलं, आनंदाने मिठी मारली आणि शेजारच्यांना म्हणाले, "हा आमचा हॅकर बरं का!" सगळे हसले. मीही हसलो, हातात जिलबीची प्लेट होती.

सर, तुमचे चिरंजीव इथे लिहितात असं ऐकलंय, त्यांनी हे दाखवलं तर वाचा. पिवळी प्रत अजून आहे. निळा कार्बन फिका व्हायला लागला म्हणून मागच्या वर्षी लॅमिनेट करून घेतली. तुमची सही स्पष्ट दिसते.